जंगलातली वाट आणि अपलोडचं बटण

सोमवारी सकाळी पनवेल-ठाणे लोकलमध्ये नाहीतर ऑफिसच्या पँट्रीत मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला: "एकटाच गेला होतास? वेडा आहेस का? काही झालं असतं म्हणजे?" आणि दुसरा, बहुतेक वेळा त्याच माणसाकडून आणि त्याच दमात: "रूट शेअर कर ना!"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी हसून देतो, दुसऱ्याचं टाळतो. त्यामुळे काही लोकांचं मत झालंय की मी (अ) बेजबाबदार आहे आणि (ब) खडूस आहे. खडूस वगैरे ठीक आहे, त्याची सवय आहे :-) पण दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे नीट उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे ते उत्तर एकच आहे. जंगलात एकट्याने सायकल चालवायला हरकत नाही. ते कुणाला सांगून जायचं आणि आल्यावर कुणाला सांगायचं, एवढंच नीट ठरवलं पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो. जाण्याआधी ज्यांना सांगायला हवं त्या चार माणसांना सांगत नाही, आणि आल्यावर अख्ख्या जगाला सांगतो.

आता जरा सविस्तर.

ज्यांना पनवेल म्हणजे फक्त एक्सप्रेसवेच्या आधीचा वडापाव एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पनवेलच्या पूर्वेला माथेरानचा डोंगर, त्याच्या अलीकडे प्रबळगड आणि कलावंतीण, उत्तरेला चंदेरीची रांग, दक्षिणेला गोवा हायवेवर कर्नाळ्याचा अंगठा. मधून गाढी नदी येते. नेऱ्यावरून पुढे गेलं की गाढेश्वर, मग धोदाणीपर्यंत डांबरी रस्ता. तिथून वर पायी माथेरानला जाता येतं. ह्या सगळ्या डोंगरांच्या पायथ्याशी ठाकर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. वाडी ते वाडी, वाडी ते पाणवठा, वाडी ते शाळा, वाडी ते जंगल अशा पायवाटांचं जाळं आहे. फूट-दीड फूट रुंद, लाल माती, मध्येच काळा कातळ, दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या, वर ऐन, साग, किंजळ. माउंटन बाइक नावाची सायकल ज्या कामासाठी जन्माला आली, तेच हे काम. आपल्याकडे मात्र बहुतेक माउंटन बाइका सोसायटीच्या जिन्याखाली गंजतात किंवा पाम बीच रोडवर फिरतात, हा भाग वेगळा.

माझा दिवस साधा असतो. पहाटे साडेपाचला घराबाहेर, उजाडेपर्यंत डांबर संपवायचं, मग पाचेक तास मातीवर. उन्हाच्या आत परत फिरायचं, दोनपर्यंत घरी. अंतर म्हणाल तर फार नाही. रोडवर सायकल चालवणारे मित्र शंभर किलोमीटरच्या गप्पा मारतात तेव्हा माझे पस्तीस-चाळीस ऐकून त्यांना दया येते. पण त्यातले पंधरा-वीस अशा वाटेवर असतात, जिथे पाच मीटरच्या पुढचं बघायला सवड मिळत नाही. पुढचा दगड, त्याच्या मागचं मूळ, वळणावर साचलेला पाचोळा. पाचोळ्याखाली काय आहे ते चाक त्यावर गेल्यावरच कळतं.

मग एकट्यानेच का? ग्रुप आहेत की!

आहेत, आणि चांगले आहेत. रोड राइडला मी पण जातो. पण जंगलाच्या वाटेवर सहा जण निघाले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे वेगाची आपोआप चढाओढ लागते. दुसरं म्हणजे दर अर्ध्या तासाला कुणाचा तरी फोटो निघतो, आणि कर्नाळ्याच्या बाजूला महाभृंगराज किंवा शामा शीळ घालत असला तरी तो आमच्या गोंगाटात कुणाला ऐकू येत नाही. सोमवार ते शुक्रवार माझ्या कानात हेडसेट असतो. स्टँडअप, कॉल, कॉलच्या आधीचा कॉल, कॉलनंतरचा कॉल. आठवड्यातून पाच तास असे हवेत, ज्यात कुणी माझ्याशी बोलणार नाही आणि मीही कुणाला उत्तर देणार नाही. एकटेपणा वेगळा आणि एकांत वेगळा. एकांत निवडावा लागतो. खांदा कॉलनीच्या वन बीएचकेत तो मिळत नाही.

आता धोक्याचं बोलू. धोका आहे. नाही म्हणणारा एकतर कधी गेलेला नाही किंवा थापा मारतोय.

कोकणात फुरसं आहे, घोणस आहे. ओल्या कातळावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. बाभळीचा काटा टायरला भीक घालत नाही. मागचं गिअर दगडाला आपटून वाकलं की सायकल ढकलतच न्यावी लागते. मार्चनंतर दहा वाजताचं ऊन भाजून काढतं. आणि नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या आड गेलं की मोबाइलची रेंज येते-जाते. पण एक सांगू? माझ्या रविवारचा सगळ्यात भीतीदायक तुकडा जंगलातला नसतोच. घरापासून मातीपर्यंतचा जो डांबरी रस्ता आहे, खडी भरलेले डंपर आणि फार्महाउसकडे सुटलेल्या गाड्या असलेला, तो असतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. ह्या आकड्याची जंगलातल्या सायकलशी सरळ तुलना होत नाही हे मलाही कळतं. मुद्दा एवढाच की रस्त्यावरून ऑफिसला एकटं जाणाऱ्याला कुणी "वेडा आहेस का" म्हणत नाही. ओळखीच्या धोक्याची भीती वाटत नाही आणि अनोळखी धोक्याची जास्त वाटते, हा मनुष्यस्वभाव.

तर जंगलातला धोका मुख्यतः पडण्याचा नाहीये. पडल्यावर कुणाला कळणार नाही, ह्याचा आहे. मोडलेलं मनगट ही दोन महिन्यांची कटकट. तेच मनगट रेंज नसलेल्या ओढ्यात, कुणाला काही माहीत नसताना मोडलं तर प्रकरण वेगळं होतं. आणि हा प्रश्न आपल्या धंद्यात फार पूर्वी सुटलेला आहे मंडळी!

सर्व्हर पडला हे कसं कळतं? पडलेला सर्व्हर "मी पडलो" असा मेसेज पाठवू शकत नाही. म्हणून तो चालू असताना ठराविक वेळाने "मी आहे, मी आहे" असं सांगत राहतो. त्याला हार्टबीट म्हणतात. तो आला नाही की समजायचं काहीतरी बिघडलं. म्हणजे शांतता हाच अलार्म. आपले बहुतेक भटके ह्याच्या उलट वागतात. "काही झालं तर फोन करीन" म्हणून निघतात. अरे, काही झालं तर फोन करता येणार नाही हाच तर सगळा प्रॉब्लेम आहे! म्हणून उलटं ठरवायचं. "दोन वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर काहीतरी झालंय असं समज. अडीच वाजता ह्या ह्या नंबरवर फोन कर. मी ह्या दोन वाड्यांच्या मध्ये असेन." हे कागदावर लिहून घरी फ्रिजवर लावायचं. आणि जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी वाट पकडायची नाही, कितीही मोह झाला तरी. शोधणारे तुम्हाला कागदावरच्या ठिकाणीच शोधतील.

घरी कागद लावला तरी घर लांब असतं. वाटेवर तुम्हाला पहिलं कोण सापडवणार? वाडीतला माणूस. म्हणून शेवटच्या वाडीत थांबून सांगायचं. लपतछपत घरांमागून निघून जायचं नाही. थांबायचं, हेल्मेट काढायचं, पाणी मागायचं आणि सांगायचं: "दादा, त्या बाजूने वर जातोय, दहापर्यंत इथूनच परत येईन." हा सगळा संवाद दोन मिनिटांचा. प्रत्येक वाडीत प्रतिप्रश्न ठरलेला: "एकटंच?" त्यात काळजी असते आणि थोडीशी करमणूकही. एका मावशींनी डोक्यावरची लाकडाची मोळी न उतरवता मला विचारलं होतं, "एवढा रस्ता केलाय सरकारनं, तो सोडून इकडं कशाला येता?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. "रस्त्यावर गाड्या फार आहेत" असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "मग बरं. ओढ्याकडनं जपून जा, शेवाळ हाय." दहा मिनिटांनी ओढा आला. शेवाळ होतंच. कुठल्याही अॅपने मला ते सांगितलं नसतं.

इथे मला "एकटा" ह्या शब्दाबद्दलच शंका यायला लागते. मी एकटा कुठे आहे? ज्या वाटेवर माझं चाक फिरतंय ती वाट कुणीतरी चालून-चालून केली आहे. लाकूडफाटा, पाणी, गुरं, शाळा, आजारी माणसाला डोलीतून खाली आणणं, ह्या सगळ्यासाठी. आपण तिला ट्रेल म्हणतो, त्यांचा तो रस्ता आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रं वर जाऊच शकत नव्हती. बचाव करणारे त्या पावसात, चिखलात, पायवाटेने चढून गेले आणि हाताने माती उपसत राहिले. इर्शाळगड पनवेलहून दिसतो. ज्या वाटेला वीकेंडला आपण "मस्त टेक्निकल क्लाइम्ब" म्हणतो, तशीच वाट कुणासाठी तरी घर आणि हॉस्पिटल ह्यांच्यातला एकमेव दुवा असते. हे डोक्यात बसलं की सायकल चालवण्याची पद्धत आपोआप बदलते. समोरून माणूस आला की पाय टेकून उतरायचं. मोळीवाली बाई आली की सायकल उचलून बाजूला व्हायचं, कारण तिला थांबणं आणि पुन्हा चालू लागणं जड जातं. गुरांना वाट द्यायची. आणि भाताच्या बांधावरून सायकल न्यायची नाही म्हणजे नाही. बांध ही आपल्याला अरुंद, छान, बॅलन्सची मजा देणारी पट्टी वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती खाचरातलं पाणी धरणारी भिंत आहे. एक खाच पडली की पाणी गेलं.

चाकाने माती खरंच खराब होते का, हा वाद जुना आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली ह्यांची डोंगरवाटांवर तुलना केली होती. चाकांपेक्षा खूर आणि पाय जास्त माती मोकळी करतात असं त्यात दिसलं. सायकलवाले हा अभ्यास फार आनंदाने दाखवतात. पण मोंटानात कोकणातला पाऊस नाही हो! आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या आसपास कोसळतो. पावलाने चिखलात खळगा पडतो, तिथे पाणी थांबतं. चाकाने मात्र सलग चर पडतो आणि उतारावर पाणी त्याच चरातून धावतं. पुढच्या वर्षी त्या चराची घळ झालेली असते. म्हणून माझा नियम सरळ आहे. जून ते ऑक्टोबर मातीवर सायकल नाही. भात कापून झालं, जमीन टणक झाली की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत माझा सीझन. पुढे ऊन आणि राब भाजणीचा धूर. हिरवागार पावसाळी फोटो मिळत नाही ह्याने, हे खरं आहे. पण फोटो हाच तर पुढचा विषय आहे.

आता दुसरा प्रश्न. रूट शेअर का करत नाही?

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हाने जगभरच्या वापरकर्त्यांच्या नोंदी एकत्र करून एक हीटमॅप प्रसिद्ध केला. जिथे लोक जास्त धावतात, सायकल चालवतात, तिथे रेषा उजळ. दिसायला फारच सुंदर. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ह्या नकाशात अफगाणिस्तान, सीरियासारख्या ठिकाणचे लष्करी तळ स्वच्छ दिसतायत. सैनिक सकाळी तळाभोवती जॉगिंग करत होते आणि मनगटावरचं घड्याळ इमानेइतबारे सगळं नोंदवत होतं. कुणाचंही नाव नकाशात नव्हतं. डेटा पद्धतशीर अनामिक केलेला होता. तरी गुपित फुटलं.

ह्यातला धडा बहुतेकांनी "प्रायव्हसी सेटिंग तपासा" एवढाच घेतला. माझ्या मते खरा धडा वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये तुमची एक रेष लाखो रेषांत हरवते. वाळवंटात पाच माणसांची रेष एकटीच चमकते. गर्दीत लपता येतं, ओसाड जागेत नाही. आता हे आपल्या डोंगराला लावा. पाम बीच रोडवर माझी नोंद असली काय आणि नसली काय, काही फरक पडत नाही. पण ज्या पायवाटेवर वर्षभरात दुसरा सायकलवाला येत नाही, तिथे माझ्या एकट्याच्या सात-आठ फेऱ्या म्हणजेच नकाशावरची वाट! आणि ही अॅपं जिथून आधी कुणी गेलंय तीच वाट पुढच्याला सुचवतात. त्या पुढच्याने नोंद केली की रेष आणखी उजळ. म्हणजे मी एकांतासाठी गेलो आणि नकळत रहदारी सुरू करून आलो. ज्या वाडीला हे चालणार आहे की नाही, तिला कुणी विचारलेलंच नाही.

ही भीती काल्पनिक आहे असं वाटत असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी प्रबळमाचीला जाऊन बघा. कलावंतिणीच्या कातळातल्या पायऱ्यांचे व्हिडिओ फिरले आणि शनिवार-रविवारी तिथे रांगा लागू लागल्या. गाढेश्वर आणि पांडवकड्याला पावसाळ्यात गर्दी होते, दुर्घटना होतात, मग बंदीचे आदेश निघतात. हा क्रम आता आपल्याला पाठ आहे: आधी व्हायरल, मग गर्दी, मग अपघात, मग बंदी. बंदीचा फटका सगळ्यांना बसतो, शहाण्यालाही.

बंदीचं म्हणाल तर जिथे हा खेळ जन्मला तिथेही तेच झालं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट तामाल्पाइसच्या परिसरात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावरून सुसाट यायची. १९७६ मध्ये त्यांनी रीपॅक नावाच्या शर्यती सुरू केल्या. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही आज ह्या धंद्यातली मोठी नावं त्यातलीच. काही वर्षांत सायकली वाढल्या, चालणारे आणि घोडेवाले वैतागले, आणि अरुंद वाटांवर सायकलला मनाई झाली. रुंद वाटांवर तासाला १५ मैलांची वेगमर्यादा आली. खेळाच्या जन्मगावातच खेळ दाराबाहेर! मग १९८८ मध्ये तिथल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि वागण्याचे नियम लिहिले. नियम आधी लिहिले असते तर, असं वाटतं खरं. आपल्याकडे अजून एकाही पायवाटेवर "सायकलला मनाई" अशी पाटी माझ्या पाहण्यात नाही. ती पाटी लागू न देणं आपल्याच हातात आहे. (कर्नाळा अभयारण्याची गोष्ट वेगळी. १९६८ पासूनचं अभयारण्य आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथे परवानगीशिवाय शिरायचंच नाही. सायकल गेटबाहेर, आणि आत पायी, तिकीट काढून. पक्षी बघायचे असतील तर चाकाचा उपयोगही नाही.)

आता माझ्यावर होणारे आरोप. ते पोकळ नाहीत, म्हणून नीट घेतो.

पहिला: "तुला माहिती आहे म्हणून तू मजा करणार, आणि नवीन माणसाने काय करायचं? ही तर मक्तेदारी झाली!" आरोप बरोबर आहे, जर मी कुणालाच सांगत नसेन तर. मी सांगतो. तोंडी सांगतो, सोबत नेतो. पहिल्या खेपेला वाडीत ओळख करून देतो, ओढा दाखवतो, कुठल्या शेतातून जायचं नाही ते सांगतो. फाइल पाठवली की यातलं काहीच जात नाही. रेष जाते, रीत जात नाही. डोंगरातली माहिती आजवर अशीच पुढे गेली आहे, एका माणसाकडून दुसऱ्याकडे, जरा हळू. ह्या हळूपणामुळेच वाटेला झेपेल एवढीच माणसं तिथे पोचतात. इंजिनिअरच्या भाषेत ह्याला रेट लिमिट म्हणतात, आणि कुठलीही सिस्टिम त्याशिवाय उभी करायची नसते हे आपल्याला पहिल्याच प्रोजेक्टमध्ये शिकवतात.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे: "पर्यटक आले तर वाडीला चार पैसे मिळतात. प्रबळमाचीला लोक जेवण देतात, तंबू देतात. तू कोण त्यांचं उत्पन्न अडवणारा?" अगदी खरं. मी कुणीच नाही. पण मग अपलोड करणारा तरी कोण? लोक यावेत की नाही, किती यावेत, कुठल्या वाटेने यावेत, हे वाडीने ठरवावं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाच्या राखणीबद्दल बोलण्याचा हक्क दिलेला आहे. उद्या एखाद्या वाडीने पाटी लावली, "सायकलवाल्यांचे स्वागत, वाटेचे शुल्क पन्नास रुपये, जेवण दीडशे", तर मी त्या पाटीचा फोटो सगळ्यात आधी टाकीन! पण तो निर्णय त्यांचा असावा. माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा नव्हे.

तिसरा आरोप निराशावादी आहे: "कशाला एवढा त्रास? दहा वर्षांत तिथे काही उरणारच नाही." ह्यात तथ्य आहे, नाकारून चालणार नाही. पनवेलची ऑक्टोबर २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचं नियोजन सिडकोकडे आहे, नैना नावाने. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. वडोदऱ्याहून येणाऱ्या द्रुतगती मार्गासाठी माथेरानच्या डोंगराखालून बोगदा काढलाय. माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, म्हणून निदान तेवढा तरी बराचसा शाबूत आहे. बाकी प्लॉटिंगच्या जाहिराती तुम्हीही बघत असालच. "डोंगराच्या कुशीत एनए प्लॉट" वगैरे. ज्याच्या कुशीत शिरायचं त्यालाच आधी कापायचं!

पण मला वाटतं, म्हणूनच वाट जपायला हवी. सिडकोचा आराखडा बदलणं माझ्या आवाक्यात नाही. हरकती मागवतात तेव्हा हरकत नोंदवता येते, ती नोंदवावी. पण माझ्या चाकाची खूण आणि माझ्या नोंदीची रेष, ह्या दोन गोष्टी पूर्ण माझ्या हातात आहेत. आणि "नाहीतरी जाणारच आहे" हा युक्तिवाद धरला तर मग ओढ्यात प्लास्टिक टाकायलाही हरकत नाही.

तर हे सगळं वाचून एखादा सायकल घेऊन निघणार असेल तर माझं म्हणणं थोडक्यात असं. एकट्याने जरूर जा, पण आधी रोजच्या वापरात सायकल हातात बसू दे. पंक्चर स्वतः काढता येईपर्यंत डांबर सोडू नकोस. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, चेनची जोडकडी, तीन लिटर पाणी, क्रेप बँडेज, शिट्टी. घरी कागद, परतीची वेळ, आणि वेळ टळली तर काय करायचं ते. शेवटच्या वाडीत थांबून सांगणं. परतताना त्याच वाडीत "आलो हं" म्हणून सांगणं, हे विसरायचं नाही. नाहीतर तो बिचारा माणूस संध्याकाळी तुला शोधायला निघायचा. नोंद ठेवायचीच असेल तर खुशाल ठेव, पण ती फक्त स्वतःपुरती. अॅपमध्ये तसा पर्याय असतो, आणि एकत्रित नकाशातून स्वतःला वगळण्याचाही. फोटो टाक, पळसाचा टाक, सायकलचा टाक, चिखलाने माखलेल्या बुटांचा टाक. जागेचं नाव तेवढं टाकू नकोस.

कौतुक कमी मिळेल, हे मान्य. किती चढलो, किती वेळात चढलो, कुणाला मागे टाकलं, ह्यातलं काहीच दिसणार नाही. पाच तास तू कुठे होतास हे जगात फक्त दोन-चार माणसांना माहीत असेल: घरातल्या एकाला, वाडीतल्या एक-दोघांना, आणि तुला. माझ्या अनुभवात तेवढी माणसं पुरतात.

असो. नोव्हेंबर लांब नाही. कुणाला यायचंच असेल तर एक जागा रिकामी आहे. अट एवढीच की पुढच्या वेळी तो एकटा जाईल, आणि तिसऱ्याला स्वतः सोबत नेईल.